पहिल्या नंबरचे छर्रे

आमच्या घरात शिकार कधी झाली नाही, पण शिकारीची तयारी मात्र बारमाही चालायची. तीही सुरतेत, तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत. आणि जनावर म्हणाल तर साड्यांचं गाठोडं! पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांतून छपाई बिघडलेल्या साड्या किलोवर मिळायच्या. त्या घट्ट बांधायच्या, भिंतीला टेकवायच्या, पुढे कागदी चक्र टाचायचं आणि आमचे हे त्यावर छऱ्यांची बंदूक चालवायचे. रविवार सकाळ म्हणजे फट्, फट्, फट्. खालच्या मजल्यावरच्यांना आधी वाटायचं मी कपडे धोपटतेय.

हे बँकेत सह्या पडताळायचे. चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी धरायची, एखादा फाटा जरी हलला तरी चेक परत. एकदा गॅसवाल्याच्या पावतीवर मी यांच्या नावाची सही ठोकली तर केवढा गहजब! "दुसऱ्याच्या नावाची सही म्हणजे फौजदारी आहे, कळतं का?" मी म्हटलं, मग सिलिंडर परत करा आणि तुमच्या कायद्यावर वरण शिजवा. पण नाही, माणूस दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

तर अशा माणसाची स्वतःची सही जुळेना झाली. यांनी घरभाड्याचा चेक दिला, तो यांच्याच बँकेत, यांच्याच शेजारच्या टेबलावरून परत आला. परत करणारा बिचारा चार वेळा माफी मागून गेला. मग मॅनेजर साहेबांनी दार लावून सांगितलं की हात थरथरतोय, एकदा डॉक्टरला दाखवा, नाहीतर मला ते टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल. टेबल म्हणजे यांचा जीव. घरी येऊन मला म्हणाले, "हात ठणठणीत आहे माझा. नेम बघ." आणि बंदूक काढली. चक्रावर भोकं अशी पडली की जणू कुणी मोहरी उधळली. यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, "छर्रे खराब आहेत."

तिथून घराची वाट लागली. यांचे आजोबा म्हणे सातपुड्यात ठासणीच्या बंदुकीनं रानडुकरं मारायचे. बार स्वतःच्या हातानं भरायचे, दारू तोलून, छर्रे पारखून. "बाजारच्या मालावर नेम बसत नाही, बार घरचा पाहिजे," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले होते, आता ते अमलात आलं. डबेच्या डबे छर्रे आले. ते सोड्यानं धुवायचे, पापडाच्या कपड्यावर वाळवायचे, मग शिवणयंत्राच्या तेलाचं बोट लावायचं. माझ्या चहाच्या गाळणीला हात लागला तेव्हा मात्र मी कडाडले, "शिसं आहे ते! ती गाळणी आता तुमची. घ्या, त्यातच चहा प्या!" नवी गाळणी आणली, ती कुलपात ठेवली.

राहता राहिलं वजन. सगळे छर्रे एका वजनाचे हवेत, एक जड आणि एक हलका असला की एक खाली जातो, दुसरा वर, असं यांचं शास्त्र. पण छर्रा तोलणार कशावर? शेजारी काठियावाडी भाई राहायचे, हिऱ्याच्या कारखान्यात माल निवडायचं काम करायचे. त्यांच्याकडे काचेच्या पेटीतला काटा होता, श्वास लागला तरी हलणारा. भाईंनी एक छर्रा चिमट्यात धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "साहेब, आ तो मज्जानुं काम छे." आठवडाभरात त्यांनी पुड्या आणल्या. हिऱ्यांच्या असतात तशाच, पांढऱ्या कागदाच्या, आत निळा कागद. पहिला नंबर, दुसरा नंबर, भंगार.

पहिल्या नंबरची पुडी हातात आल्यावर यांना काय अवसान चढलं! मॅनेजर साहेबांनाच रविवारी घरी बोलावलं. डोळ्यांनी बघू देत हात थरथरतो का. मला धास्ती वाटत होती, पण मी नाश्त्याला गरम सुरती लोचो आणला, खुर्ची टाकली, साहेब गच्चीत बसले. यांनी पुडी उघडली, नेम धरला, फट्. पहिला कागदाच्या कोपऱ्यात. दुसरा कागदाबाहेर. तिसरा साहेबांच्या मागे वाळत असलेल्या माझ्या परकरातून आरपार गेला, तो कसा गेला हे मला अजून कळलेलं नाही. साहेब बशी डोक्यावर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, लोचो फार छान आहे." आणि निघाले. जिन्यात मला हळूच म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांबतो."

हे गच्चीतच बसून राहिले. मी लोचोच्या बशा गोळा करायला लागले. तेवढ्यात भाई वर आले, पुडीतले उरलेले छर्रे पाहिले आणि अभिमानानं म्हणाले, "जोयुं? देखा? एक से एक भारी! जितना वजनदार मिला, सब पहिले नंबर में डाला." अहो, हिऱ्यात जो जड तो चांगला! त्या माणसानं जन्मभर जे केलं तेच केलं होतं. आम्हाला सारख्या वजनाचे छर्रे हवेत, हे त्याच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. पुडीत एकाला एक सारखा नव्हता.

हे ताडकन उठले. "बघ! सांगत नव्हतो? छर्रे!" आणि भाईंना मिठी मारली. भाई बिचारे शरमेनं चूर. त्यांनी पुन्हा बसून, एका वजनाचे तेवढेच निवडून दुसरी पुडी आणली. शपथेवर सांगून गेले की आता काट्याला फरक दिसणार नाही.

ती पुडी यांनी देव्हाऱ्यात ठेवली. एक रविवार गेला, दुसरा गेला. मी म्हणायची, अहो, उघडा ना. तर म्हणायचे वारा आहे, ऊन डोळ्यावर येतंय, आज अमावास्या आहे. मॅनेजर साहेबांची मुदत संपत आली. मग एका सकाळी पुडी घेऊन माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "तू मार."

"मी? मला बंदुकीचं तोंड कुठलं ते कळत नाही!"

"मी सांगतो. तू मार."

गव्हाच्या पोत्यावर बंदूक टेकवली. प्रत्येक वेळी यांनी भरून दिली, मी एक डोळा मिटून घोडा ओढला. कागदाला एकही लागला नाही. मी हसायला लागले. हे मात्र हसले नाहीत, गाठोड्यापाशी जाऊन वाकले. कागदाच्या खाली साडीवर एक मोठं तांबडं फूल होतं. माझे सगळे छर्रे त्या एका फुलात होते, एकमेकांना चिकटून. यांनी त्यावर बोट फिरवलं. मग त्याच पोत्यावर, त्याच पुडीतले उरलेले छर्रे स्वतः मारले. त्यांतला एक फुलात गेला, बाकीचे गाठोडंभर पांगले.

"भाईंनी काम चोख केलंय," एवढंच म्हणाले. बंदूक पुसली, खोळीत घातली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, वारा होता हो. तर म्हणाले, "नव्हता."

संध्याकाळी आम्ही डॉक्टरकडे गेलो. बाहेर बसलेल्या मुलीनं कागद पुढे केला, नाव लिहून खाली सही करा म्हणाली. यांनी पेन घेतलं, जरा वेळ धरलं, आणि माझ्या हातात दिलं.

"सही तू कर," म्हणाले. "माझ्या नावाची."