समुद्राचा केक आणि कन्हानच्या मासोळ्या

आमच्या घरात समुद्र फक्त मी पाहिला होता. तसा नवऱ्यानेही पाहिला होता, पण लग्नानंतर आम्ही कोकणात गेलो त्या चार दिवसांतले तीन दिवस तो पोट बिघडून लॉजवर झोपून होता, म्हणून त्याला मी धरत नाही. त्या चार दिवसांच्या भांडवलावर मी पुढे कितीतरी वर्षं समुद्राची जाणकार म्हणून मिरवले. टीव्हीवर किनारा दिसला की भरती कशी ओळखायची, शंख कुठे सापडतात, हे मी सगळ्यांना ऐकवायचे. नागपुरात कोण तपासायला येणार होतं?

त्यामुळे लेकीने आठव्या वाढदिवसाला समुद्राचा केक मागितला, तेव्हा मी लगेच कंबर कसली. घरी केक करायला लागून मला वर्ष झालं होतं. सोसायटीतून दोन-चार ऑर्डरी येत होत्या. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंच्या नातवाचं बारसं जूनमध्ये होतं आणि त्यांना मोठा, तीन थरांचा केक हवा होता. कोणाला सांगायचं ते त्यांचं ठरलेलं नव्हतं. लेकीच्या वाढदिवसाला त्या येणार होत्या, केक पाहणार होत्या. म्हणजे केक लेकीचा असला तरी माझी नजर काकूंवर होती, हे आज सरळ सांगून टाकते.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचं माहेर कन्हानचं, नदीकाठचं. त्यांचे वडील जाळं टाकायचे आणि आई टोपली डोक्यावर घेऊन कामठीच्या बाजारात बसायची. शाळेला सुट्टी असली की लहानग्या आईही टोपलीशेजारी बसायच्या, माश्या हाकलायच्या. हे त्या लपवत नसत आणि मुद्दाम सांगतही नसत. भाजी निवडताना विषय निघाला तर निघाला. माझं माहेर शाकाहारी. लग्न होऊन आले तेव्हा रविवारी घरात मासोळी शिजायची आणि मी नाकाला पदर लावून गॅलरीत उभी राहायचे. पुढे त्याची सवय झाली. पण ओव्हन घरात आला आणि मी फतवा काढला की स्वयंपाकघरात आता मासोळी नको, केकला वास लागतो. आईंनी दोन-तीन रविवार गॅलरीत छोट्या शेगडीवर रस्सा केला. मग एका रविवारी त्यांनी वरण लावलं, आणि पुढच्याही रविवारी वरणच झालं. मला बरंच वाटलं.

वाढदिवस एप्रिलच्या शेवटी येतो. त्या दिवसांत आमच्याकडे केक करणं म्हणजे स्वतःच्या हाताने डोकेदुखी ओढवून घेणं. ऊन चढायच्या आत मी तीन थर भाजून घेतले. तळाचा थर गडद निळा, मधला त्याहून फिका, वरचा अगदी पुसट. बाहेरून क्रीमही तसंच, खाली गडद आणि वर जाता जाता आकाशी. तळाशी बिस्किटांचा चुरा भुरभुरून वाळू केली. सजावटीसाठी फॉन्डंट होतं. साखरेचा हा गोळा कणकेसारखा मळता येतो, पण कूलरच्या ओल्या हवेत त्याला पाणी सुटतं. पहिल्या वर्षी मी केक कूलरसमोर ठेवून त्याचं वाटोळं करून घेतलं होतं, तेव्हा शहाणी झाले. घरात एसी एकाच खोलीत, आमच्या झोपायच्या. म्हणून शिलाई मशीनवर पाट ठेवून, त्यावर केक ठेवून, मी सजावट तिथेच करायचे.

लेक आजीच्या मागे लागली होती की मासे तू कर. आई नको नको म्हणत होत्या. समुद्रातल्या मासोळ्या मी कुठे पाहिल्या, तुझ्या आईने पाहिल्या, असं त्यांचं म्हणणं. मी घाईत होते. म्हटलं, करा हो आई, तेवढीच ती शांत बसेल. माझ्याकडे शिंपल्यांचे आणि ताऱ्यांचे साचे होते, सोनेरी रंगाची डबी होती. मासे एखाद्या कोपऱ्यात बसवता येतील असा माझा हिशेब होता. मग मी आंघोळीला गेले आणि तिथून मेणबत्त्या आणि फुगे आणायला खाली दुकानात.

परत आले तेव्हा खोलीत दोघी केकपाशी वाकून उभ्या होत्या. आईंनी पाच मासोळ्या केल्या होत्या. आमच्या साच्यांतून निघतात तशा गोंडस, गुलाबी, हसऱ्या नव्हेत. करड्या आणि काळपट. सुरीच्या टोकाने एकेक खवला उमटवलेला. एक लांबोळकी, सापासारखी. एकीला कच्च्या शेवयांच्या काड्या तोडून मिशा लावलेल्या. आणि त्या मला न विचारता केकच्या कडेला चिकटवूनही झाल्या होत्या, कशाही. लांबोळकी तळाशी वाळूत अर्धी रुतलेली, मिशीवालीही तिथेच खाली, दोन जाड्या मध्यभागी, आणि एक काळी तर थेट वरच्या काठावर, तोंड केकच्या बाहेर काढून.

माझ्या सकाळपासूनच्या आकाशी क्रीमवर ते काळं तोंड पाहून माझं डोकं सणकलं.

"आई, हे काय करून ठेवलं?" मी म्हटलं. "लोक केक पाहायला येणार आहेत, बाजारातली टोपली नाही."

मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्या टोपलीची गोष्ट मी त्याच घरात, त्यांच्याच तोंडून ऐकली होती. बोलताना ती डोक्यात नव्हती, एवढंच मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकते, आणि ते काही फार नाही. लेक फुगे पाहायला बाहेर पळाली होती, तेवढं एक नशीब.

आई हात पुसत बाजूला झाल्या. "काढून टाक मंग," त्या म्हणाल्या. "समुद्राचं तुलेच माहीत."

त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि ते मला आजही जास्त लागतं. मी चपट्या सुरीने पाचही मासोळ्या उचकटल्या आणि ताटलीत टाकल्या. खड्डे पडले तिथे क्रीम भरलं, वर सोनेरी शिंपले लावले. आई ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी ताटली घासून रॅकमध्ये लावलेली दिसली. मासोळ्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही.

केक सुंदर झाला होता, हे कबूल करायला हवं. काकूंनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि बारशाची ऑर्डर तिथेच दिली. लेक मात्र केकभोवती फिरून आली आणि तिने सगळ्यांसमोर विचारलं की आजीचे मासे कुठे गेले. माझ्या हातात सुरी होती. मी ती रुमालाने पुसू लागले.

आई सोफ्यावरून म्हणाल्या, "गरमीनं पाघळल्या त्या, बेटा."

काकू हसल्या, उन्हाळ्यावर दोन वाक्यं झाली आणि विषय संपला. मी केक कापला. आईंना पहिला तुकडा मीच दिला, शिंपला लावलेला. त्यांनी शिंपला काढून लेकीला दिला आणि केक खाल्ला, चांगला झाला म्हणाल्या.

त्यानंतर त्या रुसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी भांडकुदळ आहे, भांडून मोकळी होते. पण त्या रुसल्या नाहीत. मैदा चाळून द्यायच्या, भांडी पुसून ठेवायच्या, दारात ऑर्डर न्यायला आलेल्याला पाणी विचारायच्या. फक्त शिलाई मशीनवर केक चढला की हात धुऊन दुसऱ्या खोलीत जायच्या. मी कधी बोलावलं तर म्हणायच्या, मले काय समजते त्यातलं. मी मनात ठरवायचे की आज बोलू. मग ऑर्डर असायची, पाहुणे असायचे, लेकीची परीक्षा असायची. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला कामं आठवतात.

त्याच वर्षी शाळा सुरू झाल्यावर लेकीला पाण्यातलं जग असं चित्र काढायला सांगितलं होतं. मी तिच्या वहीत डोकावले. एक मासा अगदी पाण्याच्या रेघेवर, तोंड बाहेर. मी सवयीने म्हटलं की मासे मध्ये काढ, असे वर कोणी काढतं का.

ती म्हणाली, "मम्मी, ती मरळ आहे. तिला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. वाम खाली चिखलात लपते. रोहू मध्ये फिरते. आजीने केकवर तशाच लावल्या होत्या ना."

मी वही जवळ ओढली. कशाही नव्हत्या लावल्या. तीन निळे थर मी केले होते ते फोटोत छान दिसतात म्हणून. त्या थरांमध्ये पाण्याची खोली असते हे आमच्या घरात एकाच माणसाला दिसलं होतं, आणि प्रत्येक मासोळी त्यांनी तिच्या तिच्या पाण्यात सोडली होती. समुद्राची जाणकार मी, आणि मला पाणीच कळलं नव्हतं. तेव्हा तरी उठून पलीकडच्या खोलीत जायला हवं होतं. आई तिथे पेपर वाचत होत्या. मी चहा ठेवला आणि त्यांना कप नेऊन दिला. अशी तीन वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात आईंना लकवा झाला. बोलणं महिन्या-दीड महिन्यात परत आलं, थोडं संथ. पाय चालतो, काठी लागते. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मांडीवर ठेवलेला असतो आणि त्या अधूनमधून डाव्या हाताने उचलून त्याची जागा बदलतात.

यंदा लेक अकरा वर्षांची झाली. तिला चॉकलेटचा केक हवा होता. मी हट्टाने समुद्राचा केला. ती कुरकुरली, पण माझं तोंड पाहून गप्प बसली. मी कोणालाही बोलावलं नाही. आईंना हात धरून एसीच्या खोलीत आणलं, शिलाई मशीनसमोर खुर्ची ठेवली आणि फॉन्डंटचा करडा गोळा त्यांच्यापुढे ठेवला. शेवयाही आणून ठेवल्या होत्या.

त्या गोळ्याकडे पाहत राहिल्या. "समुद्रातल्या मले नाही येत," त्या म्हणाल्या.

"नदीतल्याच पाहिजेत, आई."

त्यांनी डाव्या हाताने गोळा दाबला. चपटा झाला. वळायचा प्रयत्न केला, तर मशीनवरून घरंगळला. दुसऱ्यांदा लेकीने धरून दिला. शेपटीपर्यंत आलं आणि बोटं थांबली. तिसऱ्यांदा त्यांनी गोळा माझ्याकडे सरकवला. मग त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. डोकं चपटं कर, सापावानी. पोट एवढं मोठं नाही राहत. खवले शेपटीकडून घे. माझी मरळ वांग्यासारखी झाली. ज्या बोटांना ते येत होतं ती बोटं समोरच मांडीवर पडली होती, आणि येत होतं तेव्हा मी ते चपट्या सुरीने उचकटून टाकलं होतं.

लेक वाटी आणायला गेली तेव्हा मी बोलले. तीन वर्षं मनात घोकलेलं वाक्य, ऐन वेळी अर्धंच आलं. "आई, त्या वर्षी तुमच्या मासोळ्या मी काढल्या. मी फार वाईट बोलले."

त्या माझ्याकडे न पाहता शेवयांची काडी तोडत होत्या, एका हाताने, मशीनच्या कडेवर दाबून. "गरमीनं पाघळल्या होत्या त्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी काडी माझ्याकडे दिली. मी मिशा लावल्या. मग त्यांनी एकेक बोटाने दाखवलं तसं मी लावत गेले, वाम वाळूत, मिशीवाली तिच्याजवळ, रोहू मध्ये, आणि मरळ वरच्या काठावर, तोंड बाहेर. काम झाल्यावर आई बराच वेळ केककडे पाहत होत्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

"लोकं येणार आहेत काय पाहाले?"

"नाही आई. कोणीच नाही. आपणच आहोत."

"मंग राहू दे," त्या म्हणाल्या.