कॅप्टन जिना उतरतात

मोठ्या हॉटेलात वेटरांच्या मुख्याला कॅप्टन म्हणतात. हे म्हातारे गृहस्थ असेच एक कॅप्टन; नोकरी सुटली तरी नाव त्यांना चिकटून राहिलं. नव्या वेटरांना ते एकच धडा देत: हातातल्या ट्रेकडे बघायचं नाही, पायांकडे तर नाहीच, नजर पुढच्या टेबलावर. ट्रेकडे बघितलं की सूप सांडलंच.

त्याच सवयीने ते म्हातारपणी जिन्यात दोनदा पडले. आधी मनगट मोडलं, नंतर भुवईवर टाके पडले. बायको गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते एकटेच राहत. मुलगा म्हणाला, “आता आमच्याकडे चला, मागची खोली आहेच.” त्या खोलीत शिलाईचं मशीन, इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग, आणि चहा हवा असला तरी कुणाची तरी सवड बघायची. कॅप्टन नाही म्हणाले.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना नजर कुठे जाते ते टिपणारा चष्मा घालून पायऱ्यांवर चालवलं.

“काका, पाय टेकायच्या आधीच तुमची नजर पुढच्या पायरीवर पळते. मग पाऊल अंदाजाने पडतं. पाय टेकेपर्यंत नजर तिथून हलवू नका.”

“म्हणजे जन्मभर शिकवलं त्याच्या उलट.”

“तेव्हा पाय तरुण होते, काका.”

त्यांनी मनापासून सराव केला. मग मुलाला बोलावून सांगितलं, “तुझ्यासमोर उतरतो. नीट उतरलो तर तुमच्या मागच्या खोलीचा विषय बंद.”

मुलगा आणि सून खाली उभे राहिले. कॅप्टन कठडा धरून निघाले. पायरीवर नजर, पायरीवर पाऊल, मग पुढची पायरी. एकदाही चुकले नाहीत.

“अगंबाई, चाचपडत उतरताहेत,” सून हळूच म्हणाली.

“पडलो का?” कॅप्टननी विचारलं.

“पडला नाहीत, बाबा, पण बघवत नाही,” मुलगा म्हणाला. “मान खाली घालून, जीव मुठीत धरून. असं किती दिवस काढणार?”

“हीच पद्धत आहे. बाईंनी शिकवलीय.”

“बाईंना काय जातंय सांगायला? सामान बांधू या.”

कॅप्टन पुन्हा वर गेले, दम खाल्ला, शर्टाची कॉलर सारखी केली आणि उतरू लागले. हनुवटी वर, पाठ ताठ, कठड्याला हात नाही, नजर थेट मुलावर. मधल्या वळणावर टाच पायरीच्या कडेवरून निसटली आणि कशीबशी सावरली. खालच्या दोघांना ते दिसलं नाही. ती दोघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“हां, हे आमचे कॅप्टन,” मुलगा हसला. “उगाच घाबरवलंत. राहा इथेच, आता मी काही बोलणार नाही.”

“दर रविवारी येऊ आम्ही,” सून म्हणाली. “असेच खाली या घ्यायला.”

“येईन की,” कॅप्टन म्हणाले. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते ताठ उभे होते. मग कठडा धरून पहिल्या पायरीवर बसले, आणि पाय थरथरायचे थांबण्याची वाट बघत राहिले.