मोटारीचा ताप

दुसरबीडच्या रस्त्यावरचा तो मिस्त्री गिऱ्हाइकाशी बोलतच नसे, बोलायचा मोटारीशी. माझ्या जुन्या मोटारीचा गरमीचा काटा पुन्हा लालवर गेला, तेव्हा बॉनेटला उलटा हात लावून त्याने तिलाच विचारलं, "काऊन वं माय, परत ताप आला?"

दोनदा रेडिएटर धुऊन झाला होता. या वेळी त्याने काट्याला गरमी कळवणारं इंजिनातलं पितळी बोंड काढलं, लांब तारा जोडल्या आणि शेजारच्या हॉटेलवाल्याच्या उकळत्या चहात बुडवलं. काटा लालवर. मग गार पाण्यात बुडवलं. तरी काटा लालवरच!

"हेच खोटं बोलून राह्यलं!" तो खूश झाला. हॉटेलवाला ओरडायला लागला, तर तो चहा यानेच पिऊन टाकला.

नवं बोंड बसवून त्याने बॉनेट थोपटलं. "माफ कर वं माय, तुह्यावर उगाच वहीम घेतला."

तीन खेपा उन्हात ताटकळलेला मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.