कोठीचं भाडं

"माय, यंदा गहू धाडू नको," योगेंद्र फोनवर म्हणाला आणि भागाबाईच्या हातातली एरंडेल तेलाची वाटी हातातच राहिली.

समोर अंगणात जुन्या धोतरांवर दीड क्विंटल गहू पसरलेला होता. चार दिवस वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवलेला, निवडलेला. आता फक्त तेलाचा हात फिरवून पोत्यात भरायचा आणि मुंबईला पाठवायचा, एवढंच राहिलं होतं.

"कसाले?" तिने कारण विचारलं.

"मंग सांगसू," म्हणून पोराने फोन ठेवला.

अमळनेरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात भागाबाईची ओळख होती ती धान्यामुळे. कोणाच्याही घरची वर्षाची कोठी भरायची असली की आधी तिला बोलावणं जायचं. ती ढिगातला एक दाणा उचलायची, दाढेखाली धरायची आणि आवाजावरून सांगायची, अजून एक ऊन दे, किंवा भर आता. तिने भरलेल्या कोठीत वर्षभर किडा दिसत नाही, हा लौकिक तिने तीस वर्षं सांभाळला होता आणि त्याचा तिला तोराही चांगलाच होता. नवरा कौतिक आधी तेलाच्या मिलमध्ये हमाल आणि मिल बंद पडल्यावर शाळेवर वॉचमन. पगार कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी. पण घरातली कोठी भरलेली असली की बाई निर्धास्त असायची.

म्हणूनच पोराचं लग्न झालं तेव्हा तिने कोणाचं ऐकलं नाही. योगेंद्र आयटीआय करून मुंबईला लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला होता. भाईंदरला भाड्याची खोली घेतली होती. नव्या संसाराला सोफा द्यावा की कपाट, यावर घरात चर्चा रंगली असताना भागाबाईने अमळनेरच्या बाजारातून छातीएवढी पत्र्याची कोठी आणून दारात उभी केली. तिथे पाणीसुद्धा विकत घेतात म्हणे, मग पोरांनी खायचं काय, असा तिचा हिशेब. बाकी सगळं महाग असू दे, निदान भाकरी-पोळी तरी घरची. चोपड्याकडून केळी भरून वाशीच्या बाजारात जाणाऱ्या गावच्याच अभिमनच्या ट्रकमध्ये, केळीच्या घडांआड, ती कोठी मुंबईला गेली. सोबत पापडांचा एक आणि दादर जातीच्या ज्वारीचा एक, असे दोन मोठे डबे. त्यानंतर चार वर्षं दर वैशाखात पोतं जायचं आणि चार वर्षं सून सारिका फोनवर सांगायची, "आई, तुमच्या गव्हाच्या पोळ्या काय मऊ होतात."

आणि आता हे असं. भागाबाईच्या जिवाला घोर लागला. पोराची नोकरी गेली की काय? दोघांत बिनसलं की काय? शेजारणीने तर सरळ सांगून टाकलं, की शहरातल्या सुना हल्ली स्वयंपाकच करत नाहीत, सगळं मोबाईलवरून मागवतात. कौतिक आपला शांत. "पोऱ्या मोठा व्हयना, त्याले समजस," म्हणाला आणि विडी पेटवली. त्याच्या या शांतपणाचा भागाबाईला त्या दिवशी मनस्वी राग आला.

खरी भीती तिने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. सारिकाला सातवा महिना होता. माहेर धुळ्याचं, पण तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा बाळंतपणाला कुठे जाणार? दवाखान्यात नाव मुंबईलाच घातलं होतं. आषाढ लागला की भागाबाईने जायचं आणि तीन महिने राहायचं, असं संक्रांतीलाच ठरलं होतं. डिंकाचे लाडू कधी करायचे, जुन्या लुगड्यांची बाळोती किती फाडायची, सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. चार वर्षांत तिने पोराची खोली पाहिलीच नव्हती. दर वेळी तो म्हणायचा, दिवाळीला आम्हीच येतो ना. तेव्हा ते तिला गोड वाटायचं. आता तिला वाटू लागलं, आपल्याला बोलवायचंच नव्हतं. आज गहू नको म्हणतो, उद्या म्हणेल, माय, तूबी येऊ नको. रोज संध्याकाळी फोन यायचा आणि ती हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायची. विचारलं तर उत्तर येईल, याचीच धास्ती.

आठ दिवसांनी भर दुपारी अभिमनचा ट्रक दारात थांबला. त्याने मागचं फळकं पाडलं आणि क्लीनरच्या मदतीने कोठी खाली उतरवली. मागोमाग दोन डबे.

भागाबाई लगबगीने ओसरीतून अंगणात आली. कोठी परत आली, म्हणजे संसारच मोडला की काय?

"पोऱ्या नि सून दोन्ही बरा शेतस ना रे?" तिने विचारलं.

"बठ्ठं बरं शे, काकू," अभिमन गमछाने घाम पुसत म्हणाला. "जागानी अडचण शे, दुसरं काय. एका खोलीनं सतरा हजार भाडं. तठे कोठीलेबी भाडं लागस." तो आपल्याच बोलण्यावर हसला. मग सहज सांगून गेला, की वाशीहून भाईंदरपर्यंत गव्हाच्या टेम्पोला योगेंद्र दर वर्षी हजार-बाराशे मोजायचा. ट्रकमध्ये चढता चढता त्याला आठवण झाली आणि त्याने जीभ चावली. सारिकावहिनीने सांगितलं होतं, वाटेत थांबून कोठी रिकामी कर, कोंबड्यांना घाल. तो साफ विसरला होता.

ट्रक गेला. भागाबाईने कोठीचं झाकण उघडलं आणि आत हात घातला.

कोपरापर्यंतही हात जावा लागला नाही. कोठी पाऊण भरलेली होती. कुबट वास आला. मूठ बाहेर काढली तर दाण्यांना जाळी धरलेली, दाणे पोकळ, आणि सोंडेकिडे तिच्या मनगटावरून चढू लागले. तिने दाणा दाढेखाली धरला. आवाजच आला नाही, नुसता भुगा झाला. ज्वारीच्या डब्यात तर हात घालवेना.

ती कोठीला टेकून तिथेच बसली. खान्देशच्या उन्हातल्या गव्हाला तिने समुद्राच्या दमट हवेत पाठवलं होतं आणि तिथेही वर्षभर टिकेल असं धरून चालली होती. गावात कधी कोणाची कोठी बिघडली नाही, म्हणून जगात कुठेच बिघडणार नाही, हे तिचं शहाणपण. चार वर्षं पोरं दुकानातून पीठ विकत आणत होती, टेम्पोला पैसे देत होती, कोठीला घरात जागा देत होती आणि वर तिला सांगत होती, पोळ्या मऊ होतात. आपण पोरांचा खर्च वाचवतो, या भ्रमात ती राहिली, आणि त्यांच्या महागाईत एक खर्च तिचाच होता. तिला त्या पोरीची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी फोन आला तो सारिकाचा. "आई, कोठी पोचली ना? अभिमनभाऊंनी रिकामी करून आणली ना?"

"हा, रिकामीच उनी," भागाबाई म्हणाली. खोटं बोलायला आता तिलाही आलं. मग तिने सुनेला सांगून पोराला फोनवर घेतलं आणि चार वर्षांत न विचारलेलं विचारलं. "तुनी खोली केवढी शे रे?"



"आपली ओसरी शे ना," योगेंद्र म्हणाला, "तितलीच."

"बठ्ठी?" सगळी मिळून तेवढीच, हे तिला खरं वाटेना.

"बठ्ठी. सैपाकबी तठेच."

जो पोरगा तीस-तीस मजल्यांच्या लिफ्टी दुरुस्त करतो, तो ओसरीएवढ्या जागेत राहतो. आता 'तूबी येऊ नको' हे वाक्य येणार, या धास्तीने तिने फोन कानाशी घट्ट धरला. पण फोन पुन्हा सारिकाने घेतला होता.

"आई, यांना सांगवत नव्हतं," ती हळू म्हणाली. "जागा एवढीशी आहे हे कळलं तर तुम्ही येणारच नाही, असं वाटायचं त्यांना. कोठी होती ना, तिथे तुमचं अंथरूण घालायचं, म्हणून काढली. पण भिंतीपासून पलंगापर्यंत दोनच फूट आहे. लांबी पावणेपाच. तुम्हाला जमेल का, आई? मला तुमच्याशिवाय कोणी नाही."

फोन ठेवल्यावर भागाबाईने कौतिकला टेप आणायला लावली. ओसरीत भिंतीपासून दोन फुटांवर त्याने खडूने रेघ ओढली, पावणेपाच फुटांवर दुसरी. रेघेच्या बाहेर पलंग म्हणून रिकामी केलेली कोठी आणि दोन्ही डबे लावले. भागाबाई पदर खोचून भिंतीलगत आडवी झाली. तिच्या टाचा रेघेबाहेर गेल्या. तिने गुडघे दुमडून पाय आत घेतले. पावसाळ्यात दुखणारा उजवा गुडघा आत्ताच कुरकुरला.

"तीन महिना?" कौतिक उभ्यानेच म्हणाला.

"पाय दुमडीसन मावी जास मी," ती म्हणाली. मग कोठीला धक्का न लावता एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळता येतं का, ते तिने दोनदा करून पाहिलं.