शेवटच्या नळाच्या बाई

पाणीपुरवठा खात्यात बाईंना नावाने कोणी ओळखत नसे. "शेवटचा नळ आल्या" म्हटलं की पुरे. कुठूनही तक्रार येवो, ऑफिसात बसून नकाशावर बोट ठेवून मोकळं होणं बाईंना जमलंच नाही. त्या वाहिनीवरच्या अगदी शेवटच्या घरी जायचं, तिथला नळ स्वतः सोडायचा आणि मगच तोंड उघडायचं. कोणी "तिकडे पाणी आहे" म्हणालं की बाईंचा प्रश्न ठरलेला, "आहे ते कळलं. येतं का?" साहेब लोक कपाळाला हात लावत. पण बाईंनी हो म्हटलं म्हणजे पाणी येणारच, हे त्यांनाही ठाऊक होतं. आपल्या शब्दाला असं वजन यायला उभा जन्म जातो, आणि बाईंचा गेला होता.

अशा बाईंकडे हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं काम आलं. तिथे डायलिसिसचा विभाग होणार होता आणि त्या यंत्रांना पाणी रग्गड लागतं. रस्त्यातली सध्याची वाहिनी ते पुरवेल का, एवढंच बाईंनी तपासून सांगायचं होतं. त्यांनी हो म्हटलं की बांधकाम सुरू.

मेख नेमकी इथेच होती. बाईंच्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. एक दिवसाआड त्याला बसने दुसऱ्या शहरात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. सोबतीला त्याची बायको. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी पिळून काढल्यासारखा घरी यायचा. कामाच्या धबडग्यात बाईंना एकदाही त्याच्याबरोबर जाता आलं नव्हतं, आणि हे त्यांना आतून खात असे. इथेच विभाग झाला तर तो पायी जाऊन पायी परत आला असता. बाईंच्या "हो"साठी आख्खं पाणीपुरवठा खातंच देव पाण्यात घालून बसलं होतं म्हणा ना!

चाचणीच्या दिवशी हॉस्पिटलसमोरच्या जोडणीला दाब मोजायचं गेज लावलं आणि पाणी पूर्ण सोडलं. धो धो पाणी वाहत होतं, तरी दाबाचा काटा खाली यायचं नाव घेईना. चावीवाला, म्हणजे रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणारा खात्यातला जुना माणूस, टाळ्या वाजवायचाच काय तो बाकी होता.

"झालं की काम, मॅडम! लिहून टाका."

"लिहिते. आधी वर चढावर जाऊन येते."

"आज कशाला? ऊन बघा काय आहे! चक्कर येईल."

इतक्या वर्षांत चावीवाल्याला बाईंच्या तब्येतीची काळजी पहिल्यांदाच वाटत होती.

चढाच्या टोकाला, या वाहिनीवरच्या शेवटच्या घरात, एक शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. बाईंनी त्यांच्या अंगणातला नळ सोडला. नळ नुसताच फुसफुसला.

"आज आलंच नाही गं बाई," काकू मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "एरवी या वेळेला बारीक का होईना, धार असते."

बाई खाली आल्या तेव्हा चावीवाला आपल्या चपलांकडे बघत उभा होता.

"सगळा दाब इथे राहावा म्हणून वरच्या घरांची चावी बंद केलीत?"

"केली," तो म्हणाला. "तुमच्या भावासाठी केली, मॅडम. घटकाभराचा तर प्रश्न होता."

बाईंना संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग रडू. इतक्या मायेने त्यांच्यासाठी कोणी लबाडी केली नव्हती.

"उघडा," त्या म्हणाल्या.

चावी फिरली आणि काटा झरझर खाली घसरला. रस्त्यावर त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. मघाचा आकडा लिहिला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण बाईंच्या डोळ्यांपुढे यंत्राला जोडलेला माणूस आला, त्याचं रक्त नळीतून फिरतंय आणि पाण्याचा नळ काकूंच्या नळासारखा फुसफुसतोय. त्यांनी लिहिलं, आहे त्या वाहिनीवर भागणार नाही. टेकडीवरच्या टाकीपासून हॉस्पिटलसाठी वेगळी वाहिनी टाका आणि मग बांधा. म्हणजे काम निदान वर्षभर लांबलं. स्वतःच्या सख्ख्या भावाचं वर्ष असं स्वतःच्या हाताने लांबणीवर टाकायला काळीज लागतं.

जेवताना भावाने विचारलंच. "ताई, पाणी आहे ना आपल्याकडे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "येत नाही."

तो ताटात बोट फिरवत हसला. "म्हणजे तुझ्या लाइनीतला शेवटचा नळ मीच निघालो की गं!"

तो चेष्टाच करत होता. बाईंनी मात्र हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाबरोबर बस गाठायला भावजय डब्याची पिशवी घेऊन दारात आली, तर बाई चपला घालून तयार. त्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "तू आज झोप काढ."

"आणि तुझं ऑफिस?" भावाने विचारलं.

"कळवलंय त्यांना," बाई म्हणाल्या. "शेवटच्या नळावर चाललेय म्हणून."