मी निहारा नाही

कॉम्प्युटरसमोर बसली की चारूताई आधी पर्समधून एक लाल रिबीन काढायची आणि डाव्या मनगटाला बांधायची. एका हाताने गाठ बसत नसे, म्हणून ती दातांनी ओढायची. मग बोटं मोडून म्हणायची, "चला, निहारा आली." उठायच्या आधी रिबीन सोडून, तिची घडी घालून परत पर्समध्ये. सायबर कॅफेत तिच्याकडे बघायला कोणी नसायचं. तरी हे ती कधीच चुकवत नसे.

निहारा म्हणजे तेव्हा टीव्हीवर आणि कॅसेटवर गाजत असलेली पॉप गायिका. तिच्या मनगटाला अशीच रिबीन असे. चारूताई मात्र कोलशेतच्या कोळीवाड्यातली, वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. आवाज घोगरा. "मी गायले ना सुमे, तर खाडीतले मासे आपणहून जाळ्यात शिरतील, कान वाचवायला," असं तीच सांगायची.

मी नौपाड्यातल्या भिडेकाकांच्या त्या कॅफेत पहिल्यांदा गेले ती कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा बसवर ड्रायव्हर, आई चौथीपर्यंत शिकलेली. कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटत होती आणि ते कोणाला सांगायचीही लाज वाटत होती. मी नुसती पडद्याकडे बघत बसले. शेजारच्या खुर्चीवर एक बाई इतक्या जोरात टाइप करत होती की काका ओरडले, "अगं चारू, टाइपरायटर नाही तो! बटणं उडतील!" तिने मान वळवली ती माझ्याकडे. "बघत काय बसलीस गो? तो काय टीव्ही आहे? दाब काहीतरी. बिघडला तर काका आहेत."

चारूताई रोज ऑफिस सुटल्यावर एका चॅटरूममध्ये जायची. चॅटरूम म्हणजे गावोगावचे लोक एकाच वेळी टाइप करून गप्पा मारतात ती जागा. तिथे चेहरा दिसत नाही, आवाज येत नाही. या खोलीत निहाराचे चाहते जमत आणि नाटक खेळत. कोणी तिचा ड्रमर होई, कोणी मॅनेजर, आणि चारूताई निहारा. मग सगळे मिळून दौऱ्यावर निघत. गावं खोटी, भांडणं खोटी, टाळ्याही खोट्या, पण वाचताना आपणही स्टेजच्या मागे उभे आहोत असं वाटायचं.

मलाही तिने त्यात ओढलं. मी म्हटलं, "ताई, मला इंग्रजी येत नाही. मला काही सुचतही नाही." तिने विचारलं, "बाबा काय करतात?" मी सांगितलं. "मग झालं तर! आमच्या बँडला बस आहे, ड्रायव्हर नाही." मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "घाट चढताना गाडी गरम झाली आहे, सगळ्यांनी खाली उतरा." लखनौपासून बेळगावपर्यंतचे लोक आपापल्या परीने विचारू लागले, आता काय करायचं. माझं ऐकायला एवढी माणसं थांबली आहेत, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

भिडेकाकांना हा प्रकार पसंत नव्हता. पूर्वी त्यांचा फोनचा बूथ होता. ते म्हणायचे, "जिवंत माणसाच्या नावाने बोलायचं म्हणजे तोतयेगिरी."

"काका, नाटकातल्या राजाकडे तुम्ही तिजोरीच्या किल्ल्या मागता काय?"

"नाटकाला पडदा असतो, चारू. तुमच्याकडे पडदा कुठाय?"

एरवी ताई काकांना सोडत नसे. त्या दिवशी रिबीन सोडून लवकर उठली. दुसऱ्या दिवसापासून तिने नियम केला. खोलीत नवीन माणूस आलं की खेळ थांबवायचा आणि लिहायचं, "मी निहारा नाही. मी ठाण्याची एक चाहती. हे नाटक आहे." याला ती पाटी म्हणायची. "बसला पाटी नको काय गो? चढणाऱ्याला कळायला पाहिजे, गाडी कुठं चाललीय." ड्रमर आणि मॅनेजर वैतागले. सारखी मजा मोडते म्हणाले. पुण्याच्या एका मुलाने तर जाहीर केलं की पाटी लावली तरी हे खोटंच, असल्या खोल्या बंद करायला हव्यात. यावरून बरेच दिवस वाद झाला. ताईने पाटी सोडली नाही आणि खेळही सोडला नाही.

अमृता नावाची डोंबिवलीची एक मुलगी त्या खोलीत यायची. नववीत नापास झालेली. एकदा तिने निहाराला लिहिलं की तिला आता शाळेत तोंड दाखवायचं नाही. ताईने त्या दिवशी दौरा बाजूला ठेवला आणि बराच वेळ तिच्याशी बोलत राहिली, आपणही नापास होऊन दारामागे बसून रडलो होतो ते सांगत. मुलगी परत शाळेत जाऊ लागली.

एका शुक्रवारी अमृताने लिहिलं, "मला माहीत आहे, तू खरीच निहारा आहेस. रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला येते. होड्यांजवळ थांबेन. तू येईपर्यंत थांबेन."

ताईने घाईघाईने पाटी लावली. अमृताचं उत्तर आलं, "हो हो, असंच म्हणावं लागतं ना? नाहीतर लोक गर्दी करतील. मी कोणाला सांगणार नाही." आणि ती निघून गेली.

ताई पडद्याकडे बघत राहिली. जितक्या वेळा तिने नाही म्हटलं होतं, तितका त्या मुलीचा विश्वास पक्का होत गेला होता. आमच्याकडे तिचा पत्ता नव्हता, फोन नव्हता. शनिवारभर ताईने खोलीत वाट पाहिली. ती आली नाही. बाकीचे मात्र हिरीरीने सल्ले देत होते. कोणी म्हणालं जाऊ नकोस, कोणी म्हणालं थांबू दे, अक्कल येईल.

मी म्हटलं, "ताई, खरंच नको जाऊस. तुझं तोंड कोणी पाहिलंय?"

"म्हणूनच जायला पाहिजे गो. लिहिलेलं तिला पटत नाही. आता मीच पाटी."

रविवारी आम्ही तलावपाळीला गेलो. ताईने ऑफिसची साडी नेसली होती आणि मनगटाला रिबीन. होड्यांजवळ एक मुलगी नवा फ्रॉक घालून उभी होती, सोबत आई, आईच्या हातात लाडवांचा डबा. जरा पलीकडे दोन मुलं तमाशा बघायला आलेली, चॅटरूममधलीच असणार. मुलगी आमच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होती, मोटार कधी येते म्हणून. ताई समोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"अमृता, मी आले. तुझ्याशी बोलायची ती मी."

मुलीने रिबीन पाहिली. मग साडी, मग चेहरा.

मागून एक मुलगा हसला, "ही निहारा? अरे ही तर मासेवाली वाटते!"

"आई विकते मासे. मी टाइप करते. बोल पुढं," ताई म्हणाली.

आई मात्र भडकली. "लाज नाही वाटत लहान पोरीला फसवायला? दोन रात्री झोपली नाही ती!"

मी सांगायला गेले की ताईने दर वेळी खरं सांगितलं होतं. ताईने माझा हात दाबला. "बरोबर आहे तुमचं, वहिनी. तिला वाईट वाटलं ते माझ्यामुळेच."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी नापास झाले तेव्हा... ते कोणी सांगितलं होतं?"

"मी. दहावीला मी पण नापास झालेले. दारामागे बसून रडलेले, ते पण माझंच. निहाराला त्यातलं काय माहीत?" ताईने दातांनी गाठ सोडली आणि रिबीन मुठीत घेतली.

आईने मुलीचा हात ओढला. थोडं पुढे जाऊन मुलगी हात सोडवून परत आली.

"तुझं नाव काय?"

"चारू. कोलशेतची."

तिने मान हलवली आणि गेली. लाडवांचा डबा आईच्याच हातात राहिला.

पुढच्या वर्षी ताईचा कारखाना वापीला हलला आणि ताईही गेली. मला अजून चार लोकांपुढे उभं राहून बोलताना घाम फुटतो. मग मी आधीच सांगून टाकते, मला नीट येत नाही, पण बोलणार आहे. ही माझी पाटी. ती लावली की गाडी सुरू होते.

पण ताईची आठवण आली की मला तलावपाळीनंतरची तिची पहिली संध्याकाळ दिसते. तिने पर्स उघडली नाही. बोटं मोडली आणि निहाराच्या जागी स्वतःचं नाव टाइप करून खोलीत शिरली. नेहमीइतक्याच जोरात. पडद्यावर एकामागून एक ओळी आल्या: कोण चारू? निहारा कुठे आहे? कोण ही?

ताईची बोटं थांबली. तेवढ्यात डोंबिवलीहून ओळ आली.

"मी ओळखते हिला."