आईनं ओळखलेला नकार

भाचीच्या पेन्सिलला टोक काढताना लाकडाचा वास आला आणि जपानीची परीक्षा आठवली. ऐकण्याच्या भागात मी आधी एकदा आपटले होते, म्हणून देऊळघाटच्या घराच्या ओट्यावर सरावाचे जपानी संवाद मोठ्यानं लावायचे. शेजारी तूर निवडत बसलेली आई एकदा म्हणाली, “हे बाई नाही म्हणून राह्यली.” पुस्तकातलं उत्तरही तेच होतं! “आई, तुले कसं समजलं?” “बोलायच्या आधी श्वास ओढला ना तिनं. तुही मावशी असाच ओढते, साडी मागतली का.” पुण्याला परीक्षेत एका संवादात कुणी बाईला सहलीला बोलावत होतं. तिचे शब्द निसटले, पण श्वास ऐकू आला. मी पेन्सिलनं ‘येणार नाही’वर खूण केली आणि काठावर पास झाले. आता मी दुभाषी आहे. बैठकीत जपानी साहेबांनी श्वास ओढला, की मनात म्हणते, मावशी काही साडी देत नाही.